खालचा तारा

आमच्या घरी लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. दुकानात हिशेबाला वापरतात तसली. तिच्यात रुपयांचा मात्र एकही आकडा नाही. पहिल्या पानावर बाबूजींच्या ठसठशीत अक्षरात ‘शेंडेनक्षत्रांची वही’ असे लिहिले आहे आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘पुच्छल तारा’. बाबूजी सौंसरला शाळेत विज्ञान शिकवीत. शिकवायचे हिंदीतून आणि घरी येऊन बोलायचे मराठी. त्यामुळे एका वस्तूची दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहून ठेवण्याची त्यांना सवयच लागली होती. धूमकेतू हा तिसरा शब्द पंचांगातला. आजी तो तोंडातून काढीत नसे, अशुभ म्हणून.

आम्ही मूळचे पांढुर्ण्याचे. १९५६ साली प्रांतांची वाटणी झाली तेव्हा नागपूर तिकडे गेले आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. आमची सोयरीक, बाजारहाट, दवाखाना, सारे नागपूरकडे. कचेरी आणि शाळा हिंदीकडे. दोन्हीकडचे असण्याचे सुख असते तसे दोन्हीकडून थोडे थोडे परके असण्याचे दुःखही असते. ते वाचकांना मी काय सांगणार? पण आभाळाच्या बाबतीत आम्ही श्रीमंत होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्यांच्या बागांमध्ये, रात्री लाईन गेली की जो अंधार पडे तो मुंबई-पुण्याच्या माणसाने पैसे मोजूनही मिळाला नसता.

वहीचा जन्म झाला आजीमुळे.

१९१० साली आजी दहा वर्षांची होती. त्या साली तिने शेंडेनक्षत्र पाहिले होते आणि जन्मभर ती त्याचे वर्णन करीत असे. दिवेलागणीला सारे गाव मारुतीच्या पारापाशी जमले होते, शेपूट अशी की अर्धे आभाळ झाडून काढील, आणि म्हाताऱ्या बाया पदर डोळ्यांना लावून रडत होत्या. हॅलेचा धूमकेतू ७६ वर्षांनी परत येणार हे बाबूजींना ठाऊक होते. आपल्या आईला तो दुसऱ्यांदा दाखवायचाच, असे त्यांच्या मनाने घेतले. असे भाग्य किती माणसांच्या वाट्याला येते!

१९८६ च्या एप्रिलमध्ये तो योग आला. आम्ही तेव्हा सौंसरला भाड्याच्या घरात राहत होतो. मामांच्या बंडीत गादी टाकून आजीला शेतावर नेले. मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून वीतभर उंचीवर, एक पुसट धुरकट ठिपका दिसत होता. बाबूजींनी आजीची मान हळूच त्या दिशेला वळवली. आजीने बराच वेळ पाहिले, आणि म्हणाली, “हे? हे तं फुटलेलं कापसाचं बोंड बी नाही. माह्यं नक्षत्र असं नोहतं.”

परतताना बंडीत कोणी बोलले नाही. बाबूजींचा चेहरा असा झाला होता, की तो ठिपका जणू त्यांनीच कमी उजेडाचा करून आणला होता.

पुढे काही महिन्यांनी त्यांच्या वाचनात आले, की १९१० साली धूमकेतू एक नव्हे, दोन आले होते. जानेवारीत अचानक एक उगवला. तो इतका तेजस्वी होता की सूर्याजवळ असताना भर दिवसाही दिसला, आणि महिन्याच्या अखेरीस संध्याकाळी पश्चिमेला त्याची लांब शेपूट दिसू लागली. हॅलेचा त्यानंतर, मे महिन्यात. जगभर अनेक म्हाताऱ्या माणसांनी जन्मभर ‘मी हॅले पाहिला’ म्हणून सांगितले, आणि पाहिला होता जानेवारीतला. बाबूजी पुस्तक तसेच हातात घेऊन माजघरात गेले.

“माय, तुवं शेंडेनक्षत्र आलं तवा थंडी होती का उन्हाया?”

“थंडी. बापानं मले घोंगडीत गुंडाळून नेलं होतं.”

बाबूजी खो खो हसले. मग गंभीर झाले. मला म्हणाले, “पाह्य, तिचं बी खरं, अन् हॅलेचं बी खरं. पण तवाचा आकडा कोणी लिहून ठेवला नाही, म्हणून आपण तिले खोटं पाडून राह्यलो होतो.” दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून ती लाल वही आणली.

उजेडाचा आकडा कसा लिहितात, हे मला त्या वहीने शिकवले. ताऱ्यांच्या तेजाला आपल्याकडे ‘प्रत’ म्हणतात. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीक ज्योतिषी हिप्पार्कस याने सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे, आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे, अशी वर्गवारी केली असे सांगतात. शाळेतल्या नंबरासारखेच हे: आकडा लहान तितका विद्यार्थी हुशार. १८५६ साली पॉगसन या इंग्रज संशोधकाने त्याला गणिताचे माप दिले. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट फरक. एका प्रतीचा म्हणजे सुमारे अडीच पट.

आता धूमकेतूची प्रत काढायची, तर त्याच्या आसपासचे दोन तारे निवडायचे. एक त्याच्याहून थोडा ठळक, एक त्याच्याहून थोडा मंद. वरचा तारा २.० प्रतीचा, खालचा ३.० प्रतीचा, आणि धूमकेतू बरोबर दोघांच्या मध्ये वाटला तर २.५, वरच्याच्या जवळ वाटला तर २.३. इतके सोपे. पण अडचण अशी, की तारा असतो टिंब आणि धूमकेतू असतो पसरलेला डाग. टिंबाची आणि डागाची तुलना कशी व्हावी? त्यासाठी दुर्बिणीचा फोकस बिघडवायचा. तारे फुगून धूमकेतूएवढे गोल दिसू लागले की त्या गोलांची धूमकेतूच्या आठवणीतल्या तेजाशी तुलना करायची. डोळ्यांनी पाहायचे असेल तर माझ्यासारख्या जवळचे दिसणाऱ्या माणसाची सोय देवानेच केलेली असते. चष्मा काढला की सारे तारे फुगतात. “तुह्या नंबराचा आज उपयोग झाला,” असे बाबूजी म्हणत.

आणखीही पथ्ये होती. दोन्ही तारे धूमकेतूच्याच उंचीवरचे हवेत, कारण क्षितिजाजवळची दाट हवा उजेड खाते. दुर्बीण शक्य तितकी लहान घ्यायची. मोठ्या दुर्बिणीतून, जास्त मोठा करून पाहिला, तर धूमकेतूचा विरळ कडेचा भाग नजरेतून सुटतो आणि तो आहे त्याहून मंद वाटतो. हे मला फार दिवस खरे वाटत नव्हते. मोठ्या दुर्बिणीतून कमी दिसते, हे कोणाला पटेल? सर्वांत मोठे पथ्य हे, की दोघांनी दोन ठिकाणी उभे राहून आपापला आकडा लिहायचा, आणि लिहून झाल्याशिवाय दुसऱ्याला विचारायचे नाही. वर्तमानपत्रात छापून आलेली प्रत तर त्या रात्री वाचायचीच नाही.

१९९७ साली हेल-बॉपचा धूमकेतू आला, तेव्हा वही पानेच्या पाने भरली. बाबूजी निवृत्त होऊन आम्ही पांढुर्ण्याला परत आलो होतो. नागपूरला सीताबर्डीवर घेतलेला एक बायनॉक्युलर आणि चार इंची आरशाची एक दुर्बीण, एवढे आमचे भांडवल. पुढे तो देवयानीतून ययातीत शिरला. दिवस मावळला की गच्चीवर चटई पडे. आजूबाजूची पोरेही येत. तुलना करायची कशाशी, हाच प्रश्न होता, कारण त्याच्याहून ठळक म्हणजे एकटा व्याध. ब्रह्महृदय त्याच्या खालचा, पण तो वर उंच आणि धूमकेतू वायव्येला खाली. मग हवेने खाल्लेल्या उजेडाचा हिशेब बाबूजी पाटीवर करून दाखवीत. त्या पानांवर माझे आणि त्यांचे आकडे कुठेही दोन-तीन दशांशांहून अधिक वेगळे नाहीत. प्रत्येक ओळीत वरचा तारा, खालचा तारा, प्रत, साधन, हवा आणि सही.

आजी तोवर गेली होती. असती, तर तिला म्हणालो असतो, ‘हे पाह्य, आलं तुवं नक्षत्र.’

हेल-बॉप नियमाने वागला. सूर्याच्या जवळ येत गेला तसा उजळत गेला, दूर गेला तसा मावळला. नुसता दगड असता तर सूर्यापासूनचे अंतर निम्मे झाल्यावर तो चौपट उजळला असता. पण धूमकेतूचा बर्फ सूर्याच्या उबेने वाफ होतो, धूळ सुटते, आणि तो बहुधा सोळा पटीच्या आसपास उजळतो. हे बाबूजींनी मला समजावून सांगितले तेव्हा मी एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होतो. मला ते चक्रवाढ व्याजासारखे वाटले. पण व्याजाचा नियम माणसाने केलेला असतो. धूमकेतूने तो पाळलाच पाहिजे असे नाही. हे कळायला आणखी दहा वर्षे जावी लागली.

२००७ ची कोजागिरी २५ ऑक्टोबरला होती. गच्चीवर केशरी दुधाचे पातेले ठेवले होते. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. बाबूजी दर कोजागिरीला तिच्याकडून एक तारकासमूह कागदावर काढून घेत आणि मगच दुधाचा पेला देत. त्या रात्री त्यांनी ययाती काढायला सांगितला. दहाच्या सुमाराला तो ईशान्येला चांगला वर आला होता. चंद्रप्रकाशात बारीक तारे पुसले गेले होते, तेवढे तिला सोपे.

तिने कागद आणून दिला. बाबूजींनी कंदिलाजवळ धरून तो पाहिला. ययातीतला सर्वांत ठळक तारा मिरफाक. त्याच्या शेजारी तिने दोन ठिपके काढले होते.

“इथं दोन काऊन काढले? एकच तारा आहे तिथं. डेल्टा. दुसरा खोड.”

“दोन आहेत, आबाजी.”

बाबूजींनी मान वर करून पाहिले. “मी चाळीस वर्षं ययाती पाहून राह्यलो, बाई. मिरफाक, अन् त्याच्या खाली डेल्टा. एक अन् एक दोन. तिसरा नाही.”

पोर हट्टी. खोडले नाही. शेवटी बाबूजींनी स्वतःच पेन्सिलीने एका ठिपक्यावर काट मारली आणि तिला दूध दिले. मी खाली पाहुण्यांना पेले देत होतो. वर पाहिलेच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरहून बाबूजींच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. होम्स नावाचा एक धूमकेतू रातोरात उजळला होता, आणि तो ययातीत होता.

त्याची हकीकत अशी. एडविन होम्स या लंडनच्या हौशी निरीक्षकाला तो ६ नोव्हेंबर १८९२ रोजी देवयानीची दीर्घिका पाहता पाहता सापडला होता. सूर्याभोवती त्याची फेरी सुमारे सात वर्षांची. २००७ च्या मे महिन्यात तो सूर्याजवळून जाऊन परत निघाला होता, म्हणजे नियमाप्रमाणे दिवसेंदिवस मंद व्हायला हवा होता. झालाही होता, १७ व्या प्रतीचा, मोठ्या दुर्बिणीशिवाय न दिसणारा. आणि २४ ऑक्टोबरपर्यंत, दोन दिवसांच्या आत, तो २.८ प्रतीवर आला. चौदा प्रतींचा फरक म्हणजे जवळजवळ पाच लाख पट. कोणाच्याही वहीत मावणार नाही असे ते व्याज! आतल्या बर्फाची घडण बदलून कोंडलेला वायू एकदम फुटला असावा, असे एक मत आहे. मुलीने काढलेला तिसरा ठिपका तो होता.

फोन ठेवून बाबूजी बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. मला वाटले आनंदाने. संध्याकाळी त्यांनी वही मागितली, मुलीचा तो कागद तिच्यात चिकटवला, आणि खाली लिहिले: ‘काल मला दोन तारे दिसले. दुसरा मी डेल्टा समजलो. तो धूमकेतू होता. डेल्टा मला दिसला नाही. पोरीचे चित्र बरोबर. काट माझी.’

ते वाचले तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डेल्टा तिसऱ्या प्रतीचा तारा. चांदणे असले तरी साध्या डोळ्यांना सहज दिसावा असा. मग मी मागची पाने उलटून पाहिली. १९९७ च्या नोंदींत बाबूजींनी चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे वापरले होते. पुढच्या वर्षांतल्या तुरळक नोंदींत खालचा तारा हळूहळू वर सरकत आला होता, आधी साडेतीन, मग तीन, मग अडीच. आम्ही धूमकेतूंचे तेज मोजीत होतो आणि वही त्यांच्या डोळ्यांचे मोजीत होती. मी हिशेबनीस माणूस. दहा वर्षे तो रकाना माझ्या समोर होता, आणि मी कधी बेरीज करून पाहिली नाही.

यातली मौज अशी, की त्यांचे जुने आकडे चुकलेले नव्हते. डोळ्यावर पडदा आला तर तो तारा आणि धूमकेतू दोघांवरही सारखाच येतो. तुलना कायम राहते. म्हणून तर आकड्यांवरून काही कळले नाही. कळायला हवे होते ते रिकाम्या होत गेलेल्या बाजूवरून.

“मोतीबिंदू आहे, बाबूजी. नागपूरले जाऊ.”

“पाहू.”

त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा जुन्या काळी अशाच ऑपरेशननंतर गेला होता. ती भीती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. उलट ‘असा धूमकेतू पुन्हा दिसणार नाही, तो जाऊ दे, मग’ असे म्हणत राहिले. मलाही ते तोडवेना.

मग रोज रात्री गच्चीवर. चार इंची दुर्बिणीतून तो धूमकेतू पिवळसर वाटोळ्या तबकडीसारखा दिसे, कडा कापल्यासारखी. नवखा माणूस त्याला ग्रहच म्हणाला असता. मी एकदा तुलनेला अलगोल घेतला, तर बाबूजींनी तिथेच अडवले. अलगोल हा बेभरवशाचा तारा. दर दोन दिवस २१ तासांनी त्याचे तेज काही तास निम्म्याहून कमी होते. “ज्याचं माप स्वतःच हलते, त्यानं दुसऱ्याले कायले मोजतो?”

एका रात्री त्यांनी सांगितले, “लिही. मिरफाकपेक्षा कमी.”

“अन् खालचा?”

ते गप्प राहिले. मग म्हणाले, “लिही तुले वाटते तो.” आणि जिना धरून खाली गेले.

मी त्यांच्या ओळीत डेल्टा लिहिला, आणि प्रत माझीच, २.५. वडिलांची ओळ अर्धी ठेवणे माझ्या जिवावर आले होते. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी भिंग लावून वही पाहिली. माझी ओळ एका रेघेने खोडली आणि शांतपणे विचारले, “जिनिंगमध्ये असाच हिशेब लिहितो का?”

मी खाली पाहिले.

“माह्या डोळ्याची उधारी तुह्या खात्यातून फेडू नको,” ते म्हणाले. “खालचा तारा दिसत नसला, तं ‘दिसत नाही’ हे बी निरीक्षणच आहे.”

त्या वर्षी लक्ष्मीपूजन ९ नोव्हेंबरला होते. त्याच सुमाराला शास्त्रज्ञांनी मोजले, की साडेतीनेक किलोमीटरच्या त्या बर्फाळ गोळ्याभोवतीचा धुळीचा फुगा वाढत वाढत १४ लाख किलोमीटरांचा, म्हणजे सूर्याहूनही मोठा झाला आहे. सूर्यमालेतली सर्वांत मोठी वस्तू, आणि आमच्या गच्चीवरून अंगठ्याच्या नखाहून लहान. पण एकूण उजेड तेवढाच राहून तो पसरत चालला होता. मूठभर पीठ परातभर पसरावे तसा. आकडा फारसा बदलत नव्हता आणि तरी दिसणे दिवसेंदिवस अवघड होत होते.

१९ नोव्हेंबरच्या सुमाराला तो सरकत सरकत मिरफाकपाशी आला. मला बायनॉक्युलरमधून एका धुरकट वर्तुळाजवळ तो तारा लखलखताना दिसत होता. असे दृश्य मी पुन्हा पाहिलेले नाही. मी बाबूजींच्या हातात बायनॉक्युलर दिला. त्यांनी पाहिले, फोकस फिरवला, पुन्हा पाहिले.

“मले एकच धूर दिसून राह्यला,” ते म्हणाले. “त्यात तारा कोणता अन् धूमकेतू कोणता, ते नाही सांगता येत.” थोड्या वेळाने म्हणाले, “वरचा बी गेला. चाल, नागपूरले जाऊ.”

डिसेंबरात त्यांच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. पट्टी सुटल्यावर त्यांना प्रथम दिसली ती डॉक्टरांच्या टेबलावरची निळी शाई. इतका निळा रंग आपण विसरूनच गेलो होतो, असे ते परतीच्या गाडीत पांढुर्ण्यापर्यंत सांगत होते. पण रात्रीच्या थंडीत गच्चीवर जायला मनाई होती. धूमकेतू तिकडे दिवसेंदिवस विरत होता, आणि हे खिडकीतून दिसेल तेवढे आभाळ पाहत बसत. मी रोज वर जाऊन यायचो आणि ते विचारायचे, “आहे?” मी म्हणायचो, “आहे.” ती लबाडी नव्हती, पण बायनॉक्युलरमधूनही तो ‘आहे’ म्हणायला दर रात्री थोडा अधिक वेळ लागे.

२००८ च्या जानेवारीअखेर त्यांना वर नेले. कानटोपी, घोंगडी, आणि हाताला धरून नात. धूमकेतू तेव्हा अलगोलजवळ सरकला होता. बाबूजींनी आधी मिरफाक शोधला. मग त्यांची नजर किंचित सरकली आणि तिथेच थांबली.

“डेल्टा,” ते म्हणाले. “हा पाह्य डेल्टा! किती दिवसांनी आला!”

नातीने विचारले, “अन् धूमकेतू, आबाजी?”

त्यांनी पुष्कळ शोधला. साध्या डोळ्यांनी शोधला, बायनॉक्युलरने शोधला. गावातल्या दिव्यांच्या उजेडात तो विरळ फुगा त्यांच्या हाती लागला नाही. खाली येऊन त्यांनी स्वतःच्या हाताने ओळ लिहिली. ती मला आजही पाठ आहे: ‘ययाती-डेल्टा स्वच्छ दिसला. होम्स दिसला नाही. हवा चांगली.’

‘हवा चांगली’ हे शब्द लिहायला केवढे मन लागते, हे वहीत रकाने भरल्याशिवाय कळत नाही. हवेवर ढकलता आले असते.

जगभर असे हजारो हौशी लोक रात्री आपापल्या गच्चीवरून आकडे लिहितात. ते एकत्र मांडले की धूमकेतूच्या तेजाची एक वक्ररेषा तयार होते, आणि त्या रेषेवरून तो कधी तापला, कधी फुटला, कधी थकला हे शास्त्रज्ञ वाचतात. एकेकटा आकडा दोन-तीन दशांशांनी चुकतो. पण सारे आकडे प्रामाणिकपणे स्वतंत्र असतील तर चुका एकमेकींना खातात आणि सत्य वर येते. सगळ्यांनी एकमेकांचे पाहून लिहिले तर मात्र हजार आकडे मिळून एकच चूक. बाबूजींचे ते दोन ठिकाणी उभे राहण्याचे पथ्य या हिशेबातले होते. आमचे आकडे आम्ही कुठे पाठवले नाहीत. सुचलेच नाही. तरी ते त्या वक्ररेषेवर ठेवून पाहिले तेव्हा फार दूर पडले नाहीत.

२०१५ साली सौंसरवरून जाणारी छोटी लाईन बंद झाली. पुढच्या वर्षी बाबूजी गेले. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून आमचा वेगळा जिल्हा झाला. ऐकायला त्यांना आवडले असते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हॅलेचा धूमकेतू आपल्या कक्षेच्या अगदी टोकाला जाऊन परत फिरला. आता तो इकडे यायला निघाला आहे; २०६१ साली पोहोचेल.

२०२४ च्या ऑक्टोबरात त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू आला. १६ तारखेला कोजागिरी होती. मुलगी आता पुण्याला नोकरी करते. तिचा आधीच फोन आला होता, “बाबा, तुम्ही तुमचा आकडा लिहून ठेवा. मी माझा लिहिते. नऊ वाजता बोलू. त्याच्याआधी काही सांगू नका.”

दिवस मावळल्यावर मी एकटाच वर गेलो. ढग होते, पण पश्चिमेला एक फट होती. मोबाईलच्या फोटोत लांब शेपूट आली. डोळ्यांना मात्र चंद्रप्रकाशात आखूड पांढरी फुली दिसत होती. स्वातीपेक्षा कमी, हे उघड होते. खाली उत्तर मुकुटातला ठळक तारा, प्रत २.२, तो शोधायला लागलो. गेल्या वर्षी माझ्या डॉक्टरांनीही ‘सुरुवात आहे’ असे सांगितले आहे. चष्मा पुसला. पुन्हा पाहिले. पुन्हा पुसला.

नऊ वाजता फोन आला. “तुमचा किती?”

“एक पूर्णांक तीन.”

“माझा एक पूर्णांक सहा.”

“राहू दे. खोडू नको.”

ती हसली. मग जरा थांबून तिने विचारले, “अन् खालचा तारा, बाबा? दिसला?”

वही मांडीवर उघडीच होती. मी लिहिले होते तेच तिला वाचून दाखवले: ‘खालचा तारा कष्टाने दिसला. हवा बरी.’